न लिहिलेला ‘ए’

आडनाव पारसनीस. म्हणजे फारसी लिहिणारे.
आणि मला अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता
एकोणसाठाव्या वर्षापर्यंत.
कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल होतं माझं,
सदरहू, मजकूर, दस्त, दाखल
रोज शंभरदा बडवायचो,
कुठल्या गावचे तुम्ही, असं एकालाही विचारलं नाही.

आता रविवारी दरबार गल्लीत
इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत
जैनबी सनदी शिकवतात.
खालून ओल्या कापडाची वाफ येते.
आम्ही तिघंच : मी, हुक्केरीचा ईरप्पा हुद्दार,
आणि नर्सिंगला असलेली मेहताब बागवान.

पहिलं वाक्य, मन आब खोरदम.
मी पाणी खाल्लं.
“पाणी खायाचं काय ओ, मॅडम?” ईरप्पा.
“होय की. खाणं-पिणं एकातच उरकतात ते.
लाचखोर म्हणता नव्हं? तोच हा खोर.”
त्यानं कन्नडात जुळवून बघितलं, नानु नीरु कुडिदे.
मी, पाणी, आणि जे काय केलं ते सगळ्यात शेवटी.
तिन्ही भाषा माणसाला थांबवून ठेवतात,
पाणी प्यालं की सांडलं
वाक्य संपेस्तोवर कळू देत नाहीत.

‘ऊ’ म्हणजे तो. तीसुद्धा ऊच.
मेहताबनं वहीत लिहिलं, ऊ आमद,
कोण आलं ते काही सांगितलं नाही,
वही मात्र पटकन मिटली.

मग तो ‘ए’.
दस्त-ए-मन. माझा हात.
(दस्त म्हणजे हात! चौतीस वर्षं
मी लोकांचे हात नोंदवत होतो.)
दोन शब्दांना धरून ठेवतो हा ए,
कानाला लागतो, कागदावर नसतो.
“नसलेला वाचायचा कसा?”
“वाचत राहायचं,” मॅडम म्हणाल्या,
“कुठं आहे ते जिभेला कळतं.”

सरहद्दीला इराणात मर्ज म्हणतात.
“मर्ज म्हणजे आजार ना?”
“तो वेगळा. त्याची अक्षरं वेगळी.”
“ऐकायला तर एकच,” ईरप्पा म्हणाला,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसला.

परवा बहिणीकडं कागलला निघालो.
कोगनोळीपाशी पाट्यांची लिपी बदलली.
ही त्या ए-च्या उलट :
नकाशात आहे, निकालात आहे, पाटीवर आहे,
कान देऊन बसलो तरी ऐकू मात्र आली नाही.
मागच्या सीटवर एक बाई
कन्नडात सुरू करून मराठीत शिरत होती,
“आमच्या थोरल्याला त्या दिवशी त्या लोकांनी...”
मी क्रियापदाची वाट बघत राहिलो.
तिचा स्टॉप आला.
पिशवी काखोटीला मारून
ती आधीच उतरली.