कित्ता

इतिहासाचा तास सातवा असायचा,
खिडकीतून सोयाबीनचा भुसा उडत यायचा
आणि अर्धी नववी पेंगत असायची.
चाळीस मार्कांचा विषय, त्यातही नागरिकशास्त्र घुसलेलं.
पुस्तकात आमचं गाव नव्हतं, तालुका नव्हता.
पैनगंगा नकाशात होती, केसाएवढी.

निकोडे बाई त्या दिवशी पुस्तक मिटून म्हणाल्या,
घरातलं सगळ्यात जुनं भांडं पाहून या.
त्यावर काय कोरलंय ते उतरवा, तसंच्या तसं.

आमच्याकडे पितळी गुंड होता, एका बाजूनं चेपलेला.
चिंचेनं घासला तेव्हा ठिपक्याठिपक्यांतून अक्षरं निघाली:
सटवाबाई. १३४१.
"कोन होय वं माय ही?"
"मले का मालूम? मी आली तवा होताच तो."

वर्गात उभी राहून वाचलं, तेराशे एक्केचाळीस,
तसा मागच्या बाकावरून रुखमांगद ओरडला,
"बाई, सातशे वर्साचा गुंड! हिचं घर सरकार घेते आता!"
बाई हसल्या नाहीत. फळ्यावर बेरीज मांडली,
अधिक पाचशे नव्वद.
"फसली सन आहे. नदीपलीकडे चालायचा, मोगलाईत.
मग भांडं कुठून आलं असेल?"
आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
नदी तिथून दिसत नव्हती.

मग वहीत प्रश्न: ही सटवाबाई कोण?
रुखमांगदनं तिला राणी केली, हत्तीसकट.
मी लिहिलं, माहीत नाही.
आंदणाचं भांडं असेल तर नाव
देणारीचं असतं की घेणारीचं, हे आधी विचारावं लागेल.
पाचपैकी चार मिळाले.
एक का कापला, विचारायचं राहून गेलं;
बाईंची बदली झाली, आरमोरीकडे म्हणे.

दहावीनंतर काका म्हणाले,
"आर्ट घेऊन का करशीन? मेलेल्याईचे हिशोब?"
बरोबर बोलले. तेच करते.
अमरावतीहून मोडीचं सर्टिफिकेट आणलं,
उमरखेडच्या तहसिलात, रेकॉर्ड रूममध्ये, कंत्राटावर
कोतवाल बुकं वाचते.
लोक व्हॅलिडिटीसाठी पणज्याचं नाव शोधत येतात,
टेबलावर केळी ठेवतात. मी परत देते.

सन अठराचं एक पान आहे.
मरणाचं कारण: ताप.
त्याखाली कित्ता. कित्ता. कित्ता. कित्ता.
शाळेत आम्ही कित्ता गिरवायचो, अक्षर सुधारावं म्हणून.
इथे कुणा कारकुनानं अख्खं गाव गिरवलंय,
आणि अक्षर शेवटपर्यंत सुंदर आहे.

जन्माच्या पानांवर: मुलगी, एक.
बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे.
तिचं नाव नाही.
अशा वेळी गुंड आठवतो,
कुणीतरी ठोकणाऱ्याला अक्षरामागे पैसे मोजले होते
आणि चारच्या चार अक्षरं घेतली होती,
पुढचं 'बाई' न गाळता.

ती इथल्या बुकांत सापडायची नाही,
हे मला नववीपासून ठाऊक आहे. ती पलीकडची.
तिकडचे कागद उर्दूत.
म्हणून गुरुवारी ऑफिस सुटलं की
नसीम आपांच्या ओसरीवर बसते, त्यांच्या नातवंडांत,
उजवीकडून डावीकडे.
वय एकतीस. अक्षर पहिलीतलं.

परवा विचारलं, सटवा कसं लिहायचं?
आपांनी सीन ओढला, मग टे,
टेच्या डोक्यावर चिमुकला तोय ठेवला,
पाण्याला जाणारीच्या डोक्यावर काही असावं तसा.
"कौन है ये?"
"माहीत नाही," मी म्हणाले, मराठीतच.
त्यांनी चष्मा वर सारला,
वही माझ्याकडे सरकवली.
"दस बार लिखो."