सर्वनाम

रविवारी संध्याकाळी मी त्याचा बाप काढला होता,
सोमवारी पहाटे तो माझ्या टेबलावर उघडा.

ईसीजीच्या खोलीत पडदा एकच, पंखा कुरकुरता.
फॉर्मवर नाव : सांघराजका, धनेश. वय एकसष्ट.
दोनदा वाचलं.
सात वर्षं हे नाव आम्ही पूर्वेच्या पायऱ्यांवर
ढोलाच्या ठेक्यात तोडून म्हणत आलो,
सांघ, राजका, सांघ, राजका,
आणि पुढे जे येतं ते इथे लिहीत नाही,
माझी मुलगी आता वाचायला शिकलीय.

त्याने आमच्या बिल्ल्यावरचा घोडा काढला.
घोडपदेव स्पोर्टिंगचा घोडा, तीन पाय जमिनीवर,
चौथा चेंडूवर. परकारांच्या म्हाताऱ्याने
बोटीच्या उरलेल्या रंगात पहिल्यांदा रंगवलेला,
जरा गाढवासारखा, पण आमचा.
त्या जागी आता एक वीज चमकते. कसली, कोणाला ठाऊक.
त्याने चाळीसचं तिकीट अडीचशे केलं.
मुनीर तुंगेकरला विकला, तोही लीग अर्ध्यावर असताना,
चालू लग्नातून आचारी उचलून न्यावा तसा.
तेव्हा मी घरची चादर फाडली,
लाल ऑइलपेंटने लिहिलं :
मालक, भाडं भरा नाहीतर खोली खाली करा.
पेपरात फोटो आला. बायकोने चादर ओळखली,
दोन दिवस बोलली नाही.

तर तो उघडा.
छाती मला वाटली होती त्याहून लहान,
केस पांढरे, बनियनचा वळ खांद्यावर.
एरवी मी जेली आधी तळहातावर घेतो,
थंडी मोडावी म्हणून.
त्याला थेट लावली.
एवढाच सूड.

लाल चिमटा उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या,
हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या.
दाखल होण्याची वेळ सहा पन्नास.
म्हणजे सत्तराव्या मिनिटाला
तो काचेच्या खोलीतून उठला,
आणि आम्ही शिट्ट्या मारल्या, पळाला पळाला,
तेव्हा हे सुरू झालं असणार.
मी ढोलावर होतो. ठेका माझाच होता.

हलू नका, म्हटलं. बोलू नका.
कागद सरकायला लागला
आणि तो बोलला.
फोन काढून घेतलाय ह्यांनी, म्हणाला.
काल आपण हरलो का?

आपण.
आम्ही नाही, तुम्ही नाही.
ज्यात मीही बसतो आणि तोही,
एकाच पायरीवर, गुडघ्याला गुडघा,
शेंगदाण्याची पुडी एक.
सात वर्षांत शंभर घोषणा रचल्या असतील आम्ही,
हा शब्द एकीतही नव्हता.
माझ्या तोंडात आम्ही तयार होतं.
दाताला लागलं होतं.

जिंकलो, म्हणालो.
दोन-एक. एक्याऐंशीव्या मिनिटाला, कॉर्नरवर.
कर्ता गिळला,
नुसतं क्रियापद दिलं.
त्याने डोळे मिटले. हेडर? विचारलं.
हेडर, म्हटलं. आता खरंच बोलू नका.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरली.
मधेच हा थरथराट कसला?
पेशंट बोलला, म्हटलं.
काय बोलला?
काही नाही. घरचंच.

दुसरी पट्टी काढली.
ह्या वेळी जेली तळहातावर घेतली आधी,
सवयीने, की कशाने, सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी चादर पुन्हा बांधली.
चारी कोपऱ्यांना गाठी आवळल्या, दोन माणसांच्या जोराने.
भाडं थकलेलंच आहे. मुनीर आलेला नाही.
घोड्याचं तर कोणी नावही काढत नाही वरती.
काचेमागे त्याची खुर्ची रिकामी,
पाठीवर कोणाचा तरी टॉवेल.
ढोल लागला तसा मीही ओरडलो,
सांघ, राजका, घसा बसेपर्यंत, अगदी नेहमीसारखा,
फक्त त्याचा बाप
तेवढा वगळला.