भिंतीचे कान टोचले तेव्हा

जिन्याखाली, गॅसच्या मीटरशेजारी,
जिथे आधीच्या भाडेकरूची कोळशाची बादली पडलेली होती,
तिथे ठेवलाय आम्ही घरातला एकुलता एक संगणक.
पडदा नाही त्याला. नुसती काळी पेटी,
घोरते, ऊब देते.
मोजे वाळतात तिच्या पाठीवर.

डार्लिंग्टनचं हे घर अरुंद आणि उभं,
खोलीच्या डोक्यावर खोली.
माणसं चार, आणि चौघांची निकड
नेमकी संध्याकाळी सातची.
ऋजुताचा शाळेचा प्रकल्प, माझ्या बेकरीच्या शिफ्टा,
विश्राम भाऊजींची गाडीच्या लायसनची प्रश्नपत्रिका,
(तिसऱ्यांदा)
आणि श्रीरंगचे अर्ज.
चार नवे घ्यायचे, असा हिशेब मांडला वहीच्या मागच्या पानावर
आणि पान फाडून चुरगळलं.
कारखाना ऑगस्टातच बंद झाला होता.

एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणतात.
आम्ही चौघंच. तीळही त्या मानाने मोठा.

मिटलेल्या एका शाळेच्या लिलावात
सहा सहा पौंडांना तीन डब्या मिळाल्या, डबा कसला, पुस्तकाएवढ्या.
स्वतः काही विचार करत नाहीत,
पेटी सांगेल ते दाखवतात.
असं कुणीतरी घरात हवंच होतं, भाऊजी म्हणाले.
पडदे धर्मादाय दुकानातले;
एकावर उभी गुलाबी रेघ आहे,
ऋजुता तिच्या डावीकडे इतिहास लिहिते, उजवीकडे काहीबाही.

वायफाय स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं
आणि चप्पल न काढलेल्या पाहुण्यासारखं तिथेच थांबायचं.
जुनी वीट, दीड हात जाड.
शेजारचा नॉर्मन टेलिफोन खात्यातून निवृत्त,
त्याच्या शेडमध्ये केबलचं अर्धं रीळ होतं.
पैशाचं नाव काढू नका म्हणाला,
फक्त रीळ परत द्या,
मला त्याचं टेबल करायचंय.

भिंतीला कान असतात म्हणे.
आम्ही ते टोचले, तीन ठिकाणी, भाड्याच्या ड्रिलने.
विटेचा लाल भुगा आठवडाभर
मिसळणाच्या डब्यात सापडत राहिला.

चौघांना चार नावं दिली, चार परवलीचे शब्द,
ज्याचं त्याचं आपल्या खोलीत.
आणि पाचवं नाव ‘घर’,
बिलं, भाडं, सगळ्यांच्या कागदांसाठी.

फेब्रुवारीतली पहाट, पावणेचार.
एप्रन बांधता बांधता मी स्वयंपाकघरात ‘घर’ उघडलं
आणि बाण आपोआप हलला.

मी माउसवरचा हात काढला.
बाण हलतच होता.
एक अर्ज उघडा होता, इंग्रजीत,
‘एकवीस वर्षं मी’ इथपर्यंत आलेला.
मग ‘मी’ खोडला गेला. मग वर्षं.
मग पुन्हा एकवीस.

वरच्या खोलीत श्रीरंग झोपलेला असतो या वेळी.
मला लागते हो गाढ झोप, असं तोच सांगतो फोनवर सगळ्यांना.

मी उभीच.
एका शब्दात एक अक्षर कमी होतं,
राहवलं नाही, घातलं.
बाण थांबला. बराच वेळ
पडद्यावर फक्त ती उभी काडी
लुकलुकत राहिली.
मग रोमन अक्षरांत, मराठी:
जागी आहेस?

बेकरी, मी लिहिलं. सव्वाचारची बस.

पुन्हा थांबला.
मग: बरं. माउस सोड मग.

सोडला.
चहा गार होईपर्यंत पाहत राहिले
वाक्य कसं बसतं, उठतं, पुन्हा बसतं,
त्याच्या हाताचं, माझ्या डोळ्यांसमोर,
मधे जिना, दोन भिंती आणि नॉर्मनची तार.

निघताना रीळ आठवलं, महिनाभर द्यायचं राहून गेलेलं.
त्याच्या पायरीवर ठेवलं, दंवात.
अगदी हलकं लागलं हाताला.
तार सगळी आमच्याकडेच राहिली होती.