बंद पडायला हवी होती

आसूदच्या चढावर ओम्नी नुसतीच ओरडली.
मागे बर्फाखाली चाळीस किलो सुरमई;
आवाज पुढे धावतोय, झाडं जागच्या जागी.
करपल्याचा वास आला तेव्हा वाटलं,
कुणी काजूच्या बिया भाजतंय.

रज्जाक परकारांनी सीटसुद्धा उचलली नाही.
"हँडब्रेक खेच गो. तिसरा टाक. आता पाय सोड."
सोडला.
इंजिन घुरघुरत राहिलं, सुखी मांजरासारखं.
"बंद पडायला हवी होती," ते म्हणाले,
आणि चालू गाडीकडे बघून
पहिल्यांदाच माझ्या पोटात खड्डा पडला.

दुपारभर गिअरबॉक्स पोत्यावर.
जुनी प्लेट माझ्या हातात दिली:
रिवेट उघडे, बाकी सगळी गुळगुळीत,
टाकी न लावलेल्या पाट्यासारखी.
"पाय टेकवून बसायची खोड तुझी.
धड दाबत नाहीस, धड सोडत नाहीस."
मी सुरमईवर आणखी बर्फ घातला. उधारीचा.

शाफ्टचा जुना तुकडा घालून, एक डोळा मिटून
त्यांनी नवी प्लेट मधोमध धरली.

दिवेलागणीला पुन्हा तेच:
हँडब्रेक, तिसरा, पाय.
एक हिसका. गाडी गप्प.
परकारांनी हात पुसले. "झाली बरी."

दापोलीपर्यंत
डावा पाय कुठे ठेवावा
तेच सुचेना.