उतारू

धायरीत, पोकळ्यांच्या पिठाच्या गिरणीवर
दोन खोल्या, भाडं नऊ हजार.
सकाळी दहाला पट्टा फिरू लागला
की टेबल थरथरतं, पडद्यावरची नदीही.
पहिल्या दिवशी वाटलं, वा, पाणी जमलं.
मग गिरणी बंद झाली.

खेळाचं नाव 'उतार'.
एक नावाडी आहे. माणसं ऐलाडून पैलाड न्यायची.
कुणी एक शब्द देतं, कुणी मूठभर हरभरे,
कुणी काहीच देत नाही, तरी न्यावं लागतं.
बस्स, एवढंच.
वडिलांनी खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं तोफगोळे मोजले.
चष्मा पुसून म्हणाले, "बरं. आणि जिंकल्यावर?"

बँकेतल्या दुधाणे बाईंनी फॉर्मवर
आमचा रकाना शोधला, सापडला नाही,
'खेळणी, लाकडी व प्लॅस्टिक'वर खूण केली.
"तारण काय?"
नदी, असं मनात आलं.
म्हणालो, दोन कॉम्प्युटर आणि तौफिकची अ‍ॅक्टिव्हा.

बाणेरच्या काचेच्या इमारतीत
एका गृहस्थांनी कॉफी मागवली, आमच्यासाठीही.
"छान आहे हो. माझ्या आईला आवडेल.
पण मराठीत खेळणार कोण?
नावेत रमी बसवता येईल का?"
परतताना चांदणी चौकात तौफिक
हेल्मेटच्या आतून काहीतरी बोलला.
मी पुन्हा विचारलं नाही.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले अक्षरांनी.
त्या परदेशी यंत्राला जोडाक्षर कळेना.
'म्हातारी'तला म सुटा, ह सुटा,
ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर,
ओळीच्या ओळी पाय मोडलेल्या.
विचारलं तर उत्तर आलं:
तुमची भाषा यादीत आहे, पुढच्या वर्षी पाहू.
पुढच्या वर्षीही तेच.
शेवटी तौफिकनं, घरी उर्दू, शाळा भोरच्या झेडपीची,
अकरा रात्री बसून एकेक अक्षर हातानं जोडलं.
'क्ष' जुळला तेव्हा पहाटेचे चार,
खाली मांजर गव्हाच्या पोत्यावर झोपलेलं,
आणि वर दोन बाप्ये
क्ष, क्ष करत हसतायत.

शर्वाणी मार्चमध्ये गेली. हैदराबादला, तिप्पट पगार,
कुठल्याशा मोठ्या खेळातल्या
बंदुकांवर गंज चढवायचं काम.
जाताना फाइलींची नावं नीट लावून दिली:
काठ सकाळ, काठ धुकं, काठ कोणी नाही.
शेवटची उघडून पाहिली. खरंच कोणी नव्हतं.

प्रती विकल्या तीनशे सात.
त्यांतल्या बेचाळीस नात्यातल्या.
एक परत आली, शेरा: "माणसं फार बोलतात."
ते खरं आहे. पुण्यात बनलाय.

तापाला उतार पडतो, नदीला उतार सापडतो,
आमच्या आलेखालाही सापडला.
तौफिक आता दिवसा हिंजवडीत कुणाचं तरी विम्याचं अ‍ॅप सांभाळतो,
रात्री साडेनऊला येतो, डबा उघडतो.

काल आकडे चाळताना दिसलं:
जतहून कुणीतरी खेळ सुरू केला,
पैलाड पोचलं, उतारू उतरवला,
आणि नाव परत वळवलीच नाही.
तीन तास अकरा मिनिटं.
झोप लागली असेल. दुकानात गिऱ्हाईक आलं असेल.
किंवा पाणी ऐकत बसलं असेल,
जे पाणी नाहीच,
पोकळ्यांच्या गिरणीतून डब्यात पडणारं पीठ आहे,
मी उलटं वाजवलेलं.

तौफिकला दाखवलं.
पोळीचा तुकडा हातात तसाच धरून त्यानं दोनदा वाचलं.
मग म्हणाला, तिथे काठावर
बसायला एक दगड टाकू या.