उणे सव्वीस

पहाटे बटण दाबलं की पंखा घुमतो,
काळ्या पडद्यावर चार रंगीत काजवे एकमेकांकडे येतात
आणि त्यांचं चिन्ह जुळायच्या आत
सगळं निळं.
पांढऱ्या अक्षरांची रांग, शेवटी शून्यांची माळ.
मग आपणच बंद. आपणच चालू.
पुन्हा काजवे.

बालवाडीचा हिशेब शुक्रवारी द्यायचा :
एकशे बारा मुलांचं दूध, चार टन कोळसा,
स्वयंपाकीणबाई बुरुलचा दोन महिन्यांचा थकलेला पगार.
सगळं आत, आणि दार आतून लावलेलं.

मी जे करतात ते सगळं केलं.
रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या,
आधी एक लावली, मग दुसरी, मग जागा बदलून.
सेफ मोडसाठी एफ-आठ बडवत बसले.
फोटो स्टुडिओतल्या सुलतानबेककडून
पॉवर सप्लाय उसना आणला, नवाकोरा.
यंत्र ताकास तूर लागू देईना.
सुलतानबेक म्हणाला, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाक.
पुसायचं? म्हटलं, शुक्रवारनंतर बघू.

बाबा दारात उभे होते, हातात कोळशाची बादली.
बस डेपोत त्यांना तोक्तोसून उस्ता म्हणत.
सप्टेंबरात मी एक सूटकेस घेऊन नारीनला परत आले
तेव्हापासून आम्ही बोलतो ते मिठाबद्दल, पावाबद्दल,
नदी गोठली का याबद्दल.

"दुपारी चालतो का?"
"चालतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला."
"आणि एकदा चालला की?"
"मग रात्रीपर्यंत कुरकुर नाही."
त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला,
गाभण घोडीच्या पोटावर ठेवतात तसा, जरा वेळ.
"गारठलाय."

मी हसले. कॉम्प्युटर उकाड्यानं मरतात, बाबा,
थंडीनं नाही.
ते वाद घालत नाहीत.
एकतीस हिवाळे ते पहाटे बर्फात पाठीवर झोपले,
बसच्या पोटाखाली ब्लोलॅम्प धरून,
घट्ट झालेलं तेल सैल पडेपर्यंत.
त्यांनी माझाच हेअर ड्रायर आणला.
दहा मिनिटं, इकडून, तिकडून.
"दाब."
पहिल्याच खेपेला.

मग त्यांनी त्याला उताणा पाडला.
प्रोसेसरशेजारी बुटक्या नळकांड्यांची रांग,
त्यातल्या दोघांची डोकी वर आलेली,
नासलेल्या डब्याचं झाकण फुगतं तशी.
मेलेल्या टीव्हीतून दोन जुनी काढली.
चष्म्यावर चष्मा. राळेचा धूर.
मी बॅटरी धरली.
"नीट धर. हलू नको."
त्यांचा हात थरथरत होता
डागणीचं टोक टेकेपर्यंत. टेकल्यावर नाही.

पहिलं बसलं. दुसऱ्याचे पाय वाकवत,
मान वर न करता, त्यांनी विचारलं :
"बिश्केकच्या त्या घरात...
हीटर होता ना?"

कथील वितळलं, चमकलं, मग निस्तेज झालं.

"होता," मी म्हटलं.
"तीन होते."

"हं," म्हणाले बाबा,
आणि सांध्यावर फुंकर घातली,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

गुरुवारी पहाटे उणे सव्वीस.
बटण. पंखा. चार काजवे. चिन्ह.
मी हाक मारली; ते बाहेर निवाच्या नाकाशी झुंजत होते,
आले नाहीत.
शनिवारी एकदा पुन्हा निळं झालं, का ते कळलं नाही.
नंतर नाही.

एक स्क्रू उरलाय.
खिडकीत बशीत ठेवलाय.
तो कुठला, ते दोघांनाही आठवत नाही.
परवा भाकरी मोडता मोडता
आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.