पासंग

एका क्रेडिटला पंचेचाळीस तास.
तीन क्रेडिट, एकशे पस्तीस.
पगार नाही. उलट तीन क्रेडिटची फी
मीच विद्यापीठात भरली,
जिनसेंगच्या शेडमध्ये मुळ्या निवडून साठवलेली.
आई म्हणाली, काम तू करायचं
आणि पैसेही तूच द्यायचे?
हमोंग भाषेत हा प्रश्न आणखी छोटा होतो.

कौंटीचं वजनमाप खातं: तळघरातली खोली,
पांढरी व्हॅन, आणि लेनर्ड वोयचिक,
निवृत्तीला अकरा महिने उरलेत
हे न विचारता सांगणारा.
पहिल्या दिवशी त्याने पितळी वजनांची पेटी उघडली
आणि आधी हातमोजे दिले.
"बोटांच्या घामालाही वजन असतं."
मी वहीत लिहिलं: तास दुसरा. घाम.

मग पेट्रोलपंप. पाच गॅलनचं माप,
त्याच्या काचेच्या गळ्यात चढत जाणारी पातळी.
खाटकाचे काटे, चीजच्या दुकानातले काटे,
आणि बर्फही माशाच्या भावाने तोलणारा एक जण,
ज्याने माझ्याकडे न बघता विचारलं,
ही कोण?
"इन्स्पेक्टर," लेनर्ड म्हणाला.
फॉर्मवर याला रकाना नव्हता.

चौऱ्याण्णवावा तास शनिवारी आला,
वॉसॉच्या नदीकाठच्या बाजारात.
ओळीने तंबू. सहावा आमचा.
कारली, गवती चहा, मोहरीचा पाला,
आणि वाटाण्याच्या शेंगा तोलणारी आई.
"हा मी बघतो," लेनर्ड म्हणाला. "पाकू, तू नुसतं लिही."
त्याने दोन पौंडांचं वजन ठेवलं.
काट्याने दोन औंस कमी दाखवले.
पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक
दोन औंस जास्त घेऊन गेलं.
कायद्याला दिशा नसते. चूक ती चूक.
लाल चिठ्ठी काट्याला बांधली गेली
आणि भाषांतर माझ्याकडे आलं.
मी शब्द जुळवत असतानाच
आई शेंगा परत टोपलीत टाकत म्हणाली,
माहीत आहे मला.
थोडं जास्त गेलं की
भांडायला कुणी परत येत नाही.

"काय म्हणाली?" लेनर्डने विचारलं.
मी म्हटलं, नवा काटा घेईल म्हणते.
उरलेला दिवस तिने जुड्या बांधून विकल्या,
आणि त्या जुड्याही, मी पाहिलं, जाडच होत्या.

ऑगस्टमध्ये अहवाल मागितला:
या अनुभवातून तुम्ही काय शिकलात, अडीचशे शब्दांत.
मी मोजे लिहिले, माप लिहिलं,
काचेतली पातळी डोळ्याच्या रेषेत बघावी हे लिहिलं.
आईचं वाक्य लिहिलं, खोडलं.
दोनशे अडतीस भरले.

तासांची बेरीज करताना मात्र
एकशे छत्तीस आले. एक जास्त.
प्राध्यापिका म्हणाल्या, तो धरता येणार नाही,
वाटल्यास काढून टाक.
मी वही मिटली.
राहू दे, म्हटलं, पासंगाला.